पावती फाडू नको! : नाटकपथकाचा यंदाचा हिशेब

(संघटनेच्या सभेत नाटकपथकाने केलेलं भाषण. आमच्यातले चौघं आळीपाळीने बोलले, ते इथे एकत्र करून दिलं आहे. बऱ्याच पाड्यांचे दावे अजून कचेरीत पडून आहेत, म्हणून पाड्यांची आणि माणसांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.)





दरवर्षी पावसाच्या तोंडाशी आम्ही तुमच्यासमोर उभे राहतो आणि हिशेब देतो. किती खेळ झाले, कोणी तांदूळ दिले, कोणाचा ढोल फुटला, गाडीभाड्याला किती गेले. तो हिशेब लिहून आणलाय, शेवटी वाचू. पण यंदा त्याच्या आधी दुसरा हिशेब द्यायचा आहे. नाटक करताना आमचं काय चुकलं, तुम्ही काय दुरुस्त केलं, आणि आता पेरणीच्या आत काय करायचं राहिलंय, त्याचा.

भात झोडून झालं तेव्हा आम्ही बाहेर पडलो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या बाजूचे पाडे झाले. मग भिवंडी आणि वसईकडच्या वीटभट्ट्या झाल्या. होळीनंतर परत घराकडे आलो. परवा शेवटचा खेळ केला. यंदा तीन खेळ बसवले होते. एक दंडाच्या पावतीचा, एक म्हाताऱ्याच्या जबाबाचा, एक रिकाम्या ग्रामसभेचा. तिन्ही खेळ आज जसे आहेत तसे सुरुवातीला नव्हते. ते तुम्ही बदलले.

पहिला खेळ पावतीचा.

खेळात एक माणूस जंगलातल्या प्लॉटात नागली पेरतो. गार्ड येतो, दंड करतो, कोंबडी नेतो, वर पावती फाडून हातात देतो. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, म्हणून लोक हसायचे. गार्ड झालेला आमचा गडी सागाच्या पानाची टोपी घालायचा. तो आला की पोरं ओरडायची. शेवटी तो नागलीवाला रागाने पावतीचे तुकडे करतो आणि वाऱ्यावर उडवतो, असं आम्ही बसवलं होतं. आम्हाला वाटलं, हा लढ्याचा शेवट झाला. टाळ्याही पडायच्या.

तिसऱ्या का चौथ्या पाड्यावर एक आजी पुढे बसली होती. आमच्या गड्याने पावती वर धरली, तशी ती उठलीच. "फाडू नको रे! खुळा का काय तू? तोच तुझा पुरावा हाय!" असं म्हणत तिने त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. खेळ थांबला. आम्हाला पुढचं बोलणं सुचेना. आजी मात्र खालीच बसेना. तिच्या नवऱ्याला झालेल्या दंडाच्या पावत्या तिने पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या, साडीच्या चिंधीत गुंडाळून. ती घरी गेली आणि घेऊन आली. बत्तीच्या उजेडात सगळ्यांना दाखवल्या.

आजीचं खरं होतं. वनहक्क कायदा 2006 चा. जंगल जमिनीवर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासींचा ताबा आणि कसवणूक असेल, तर त्या जमिनीवर हक्क मिळतो. जेवढी खरोखर ताब्यात आहे तेवढी, जास्तीत जास्त चार हेक्टर. मग ताबा आधीपासून होता हे सांगणार कोण? ज्या सरकारने अतिक्रमण म्हणून दंड केला, त्याच सरकारची तारीख घातलेली पावती सांगते. दंड भरताना बापाला लाज वाटली असेल, पण तो कागद आज नातवाच्या कामाचा आहे.

त्या रात्रीपासून आमच्या खेळात पावती फाडत नाहीत. आता नागलीवाल्याची बायको ती उचलते, झटकते आणि पेटीत ठेवते. हा शेवट आमचा नाही, त्या आजीचा आहे.

पुढच्या पाड्यावर लगेच दुसरा प्रश्न आला. एक दादा म्हणाला, "आमच्या पावत्या वाळवीनं खाल्ल्या. मग आमचा हक्क पण वाळवीनं खाल्ला का?" आम्ही त्या रात्री उत्तर देऊ शकलो नाही. विचारून आलो, ते आता सगळ्यांना सांगतो. नियमात पुराव्यांची मोठी यादी आहे. शेताचे बांध, सपाट केलेली खाचरं, घराचं जोतं हे पुरावे आहेत. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती आहे. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब आहे. यातले एकाहून जास्त पुरावे दाव्याला जोडायचे. आणि 2012 साली नियम दुरुस्त झाले, त्यात साफ म्हटलंय की दंडाची पावती नाही किंवा जुन्या अतिक्रमणाच्या यादीत नाव नाही, एवढ्याच कारणावर दावा नामंजूर करता येत नाही. उपग्रहाचा फोटोसुद्धा बाकीच्या पुराव्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. कोणी फोटोवर बोट ठेवून "इथं शेत दिसत नाय" म्हणाला, तर हे लक्षात ठेवा.

आता दुसरा खेळ. इथे आमची चूक मोठी आहे.

हा खेळ म्हाताऱ्याच्या जबाबाचा. एक आजा समितीपुढे उभा राहून सांगतो, हे शेत कोणी फोडलं, हा आंबा कोणी लावला, कुठल्या दुष्काळात कोण कुठे गेलं. आम्ही आज्याचं बोलणं लिहून पाठ केलं होतं. एका पाड्यावर आमचा आजा बोलायला लागला आणि प्रेक्षकांतला खरा आजा हसायला लागला. म्हणाला, "तुला काय म्हाईत? तू कवा जन्मला?" आम्ही म्हटलं, मग तुम्हीच सांगा. तो काठी टेकत मधे आला.

तो कितीतरी वेळ बोलला. कुठला बांध त्याच्या बापाने घातला, कुठल्या बाजूला आधी नुसता दगड होता, शेजारच्या चार घरांनी कुठून सुरुवात केली. कुठल्या वर्षी गार्डाने पीक उपटलं आणि परत पेरलं. वेठीच्या दिवसांचं सांगितलं, त्याच्या आईने सांगितलेलं. सावकाराच्या शेतावर फुकट राबावं लागायचं, आणि 1945 साली वारली लोकांनी वेठ बंद केली तेव्हा काय झालं ते. पोरं झोपली नाहीत. आम्ही तर भारावून गेलो. टाळ्या वाजवल्या, ढोल वाजवला, जेवलो, झोपलो, सकाळी पुढच्या पाड्याला निघालो.

कोणीही लिहून घेतलं नाही.

होळीनंतर परत त्या पाड्याला गेलो तर तो आजा गेलेला होता. त्याच्या शेजारच्या त्या चार घरांचे दावे आहेत. त्या बांधांबद्दल डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारा त्या पाड्यात तो शेवटचा माणूस होता. कायद्यात लिहिलंय की दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब पुरावा आहे, पण तो लिहिलेला पाहिजे. आमच्या कानात आहे तो पुरावा नाही. आम्ही तिघा-चौघांनी बसून आठवेल तेवढं लिहिलं, पण खाली त्याचा अंगठा कुठून आणणार?

त्या घरातल्या सुनेने आम्हाला चहा दिला. ती काही बोलली नाही. पण तिच्या दिराने विचारलं, "तुमी तर शिकलेली पोरं. वही नव्हती का तुमच्याकडं?" वही होती. तिच्यात गाण्यांच्या ओळी होत्या.

हे आम्ही सभेत सांगतो आहोत, कारण आम्हाला वाटायचं की आमचं काम नाटक करायचं आणि कागदाचं काम वनहक्क समितीचं. तसं नाही. त्यानंतर आम्ही नियम केला. जबाबाचा खेळ असेल त्या पाड्यावर समितीचा निदान एक माणूस आणि एक लिहिणारा मधे बसतो, वही, शाई आणि बत्ती घेऊन. कोणी म्हातारं माणूस बोलायला उठलं की खेळ तिथेच थांबतो. ते बोलतात, लिहिणारा लिहितो, मग सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. चुकलं असेल तर तेच दुरुस्त करतात. खाली सही किंवा अंगठा, साक्षीदारांची नावं आणि तारीख. मग खेळ पुढे चालू. काही वेळा खेळ पुढे गेलाच नाही, रात्र जबाबातच गेली. त्याचं आम्हाला वाईट वाटलं नाही.

आता बोहाड्याचं सांगतो, कारण त्याबद्दल उलटसुलट बोललं गेलंय.

चैत्रात बोहाडे सुरू झाले, तेव्हा आमच्यातल्या काही पोरांना वाटलं की यंदा बोहाड्यात गार्डाचं सोंग काढावं. रात्रभर माणसं जमतात, संबळ-सनई असते, अशी गर्दी आपल्या खेळाला कधी मिळणार? आम्ही गावातल्या जाणत्यांना विचारायला गेलो. ते नाही म्हणाले. म्हणाले, ही देवांची सोंगं आहेत. कोणाच्या घरात कुठला मुखवटा राहतो, कोणी नाचवायचा, हा मान ठरलेला आहे. त्यात गार्डाला आणून बसवला तर त्याला देवाच्या पंगतीत बसवल्यासारखं होईल. "त्याला तेवढा मोठा करायचा हाय का तुमाला?" असं एका काकांनी विचारलं. आम्ही सगळेच हसलो. बाहेर कोणी म्हणत असेल की गावाने पथकाला हाकललं, तर ते खरं नाही. आम्ही विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, आम्हाला पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात वेगळा खेळ केला आणि तेच काका पुढे येऊन बसले.

त्या बोलण्यातून एक काम निघालं. देवीचं ठाणं, तिकडे जाणारी वाट, वाघदेवाची जागा, पूर्वजांचे चिरे, मसणवट, हे बऱ्याच पाड्यांत जंगल खात्याच्या हद्दीत आहे. वैयक्तिक दाव्यांच्या गडबडीत हे कोणी लिहिलेलंच नव्हतं. सामूहिक दाव्यात या जागा पुरावा म्हणून धरल्या जातात. तसंच गुरं चारायच्या जागा, पाण्याचे झरे, कंद-भाजी-फळं आणायच्या जागा. गडचिरोलीत मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले. ती आपल्यासारखीच जंगलातली गावं आहेत. बोहाड्याचे जाणते लोक आणि वनहक्क समिती यांनी एकत्र बसून या जागांची यादी करावी. जिथे बोलवाल तिथे आम्ही लिहायला येऊ.

तिसरा खेळ भट्टीवरचा.

दिवाळी झाली की आपले पाडे निम्मे रिकामे होतात हे काय सांगायला पाहिजे? उचल घेतलेली असते, मग लेकराबाळांसकट भट्टीवर. इकडे पाड्यात नाटक करायचं तर समोर म्हातारी माणसं आणि कुत्री. म्हणून यंदा ठरवलं, प्रेक्षक जिथे गेलाय तिथे खेळ न्यायचा. खर्ची मिळते त्या दिवशी संध्याकाळी लोक जरा मोकळे असतात, तेव्हा भट्टीवर खेळ केले. एका ठिकाणी शेठने आत येऊ दिलं नाही. मग रस्त्याच्या कडेला केला. लोक बाहेर आले.

या खेळात आम्ही ग्रामसभा दाखवतो. माणसं कमी, म्हणून जागोजागी रिकामी गोणपाटं अंथरतो. प्रत्येक गोणपाट म्हणजे भट्टीवर गेलेला एक माणूस. ग्रामसेवक झालेला गडी मोजत जातो. माणसं निम्मी भरत नाहीत. तो वही मिटतो आणि म्हणतो, "सभा तहकूब." बस, एवढाच खेळ. पाड्यात लोक गोणपाटांना हसले. भट्टीवर कोणी हसलं नाही. एका बाईने विचारलं, "त्यातलं माझं कुठलं?" आम्ही एक दाखवलं. ती उठली आणि जाऊन त्यावर बसली. मग आणखी लोक आले आणि गोणपाटांवर बसले. ग्रामसेवकाला परत मोजावं लागलं.

कायद्याची गोष्ट अशी आहे. ग्रामसभेला एकूण सभासदांपैकी निदान निम्मे हजर पाहिजेत. हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया पाहिजेत. आणि दाव्यांवर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निदान निम्मे पाहिजेत. हे भरलं नाही तर ठराव कच्चा राहतो आणि कचेरीला कागद परत पाठवायला कारण मिळतं. आपण आपल्या हाताने ते कारण देतो.

भट्टीवर लोकांनी आम्हाला आणखी एक विचारलं. उचल फिटली नाही म्हणून शेठ सोडत नसेल तर? उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 पासून आहे. तुमच्या पाड्यातलं कोणी असं अडकलं असेल तर आजच सभा संपल्यावर संघटनेच्या माणसांना सांगा. नाटकाने ते सुटत नाही, त्याला तक्रार द्यावी लागते.

बायांचं एक सांगायचं आहे. आधी आमच्या पथकात बायांची कामं गडीच करायचे, लुगडं नेसून. यंदा तिघीजणी पथकात आल्या. एकीच्या सासूने पहिल्या दिवशी भांडण केलं, आणि शेवटच्या खेळाला तीच ढोल सांभाळत बसली होती. या तिघींमुळे पावतीच्या खेळात एक तुकडा वाढला. पट्टा मिळतो, नवरा तो वाचतो आणि फक्त स्वतःचं नाव मोठ्याने सांगतो. बायको कागद घेते आणि दुसरं नाव वाचते, स्वतःचं. लग्न झालेल्यांचा हक्क दोघांच्या नावाने मिळतो, हे कायद्यात आहे. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. दावा लिहितानाच दोन्ही नावं नीट लिहिली आहेत का, ते बघून घ्या. काही अर्जांत बाईच्या नावाची जागा कोरीच आहे, आम्ही स्वतः पाहिली.

आता पुढचं काम. मृग जवळ आला. भट्टीवरचे लोक परत आलेत. नांगर धरायच्या आधीचे हे थोडे दिवस आहेत, जेव्हा सगळा पाडा घरी असतो. एकदा आवणी सुरू झाली की कोणाला मान वर करायला वेळ नाही, आणि आवणी-निंदणी-कापणी झाली की परत भट्टी. म्हणून ग्रामसभा आत्ताच घ्यायची. पथकाची विनंती अशी आहे:

प्रत्येक पाड्याने समितीला सांगून सभेची तारीख लगेच ठरवावी आणि घरोघर निरोप द्यावा.

पेटीतले कागद बाहेर काढावे. पावती असो, समन्स असो, जुनी नोटीस असो, फेकू नका. नक्कल काढून दाव्याला लावा आणि अस्सल कागद घरी ठेवा.

म्हाताऱ्या माणसांचे जबाब या आठवड्यात लिहून घ्यावे. ज्याचं वय जास्त, त्याचा आधी.

ज्यांना दावा नामंजूर झाल्याचा कागद आलाय त्यांनी कारण वाचून घ्यावं. कारण लेखी मिळालं पाहिजे. उपविभागीय समितीने नाही म्हटलं तर जिल्हा समितीकडे साठ दिवसांत अर्ज करता येतो. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून काढता येत नाही. गार्ड आला तर हे त्याला शांतपणे सांगा, चौघांसमोर सांगा.

पावसात आम्ही खेळ करत नाही. आम्हालाही शेतं आहेत. पण लिहिणारी माणसं पाहिजे असतील तर बोलवा, आवणी सुरू होईपर्यंत येऊ. भाकरी आणि बत्ती तुमची, वही आमची.

आता तांदळाचा आणि पैशांचा हिशेब वाचतो. नाटकातली पावती ज्या आजीने वाचवली, तिने पथकाला पायलीभर नागली दिली, ती त्यात पहिल्या ओळीला लिहिली आहे.

जोहार.